आवान्यू, इंद्रधनुष्य आणि काळा कोल्हा : पुएब्लो जलरंगांतले प्राणी

सांताफेकर

न्यू मेक्सिकोत राहायला येऊन अकरा वर्षं झाली. पहिली तीन-चार वर्षं ज्या चित्रांकडे मी ‘हॉटेलच्या लॉबीत टांगतात ती’ म्हणून ढुंकूनही पाहिलं नाही, त्यांच्यासाठी, म्हणजे इथल्या पुएब्लो लोकांच्या जलरंगांसाठी, आज धागा काढतोय (पुएब्लो म्हणजे इथले गावं करून राहणारे मूळ रहिवासी, आणि त्यांचं गावही). खोड मोडली ती एका पावसाने.

सांता फेला वर्षाकाठी पाऊस जेमतेम ३५ सेंटिमीटर. त्यातला बराचसा जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो, आणि गंमत म्हणजे इथले लोकही त्याला ‘मॉन्सून’च म्हणतात. ओढे वर्षभर कोरडे ठणठणीत. त्यांना आरोयो म्हणायचं. एका दुपारी अशाच आरोयोच्या काठावर उभा होतो. डोक्यावर ऊन, पाऊस लांब डोंगरात. आधी खरखर ऐकू आली, मग वळणावरून पाण्याचं तोंड आलं. पाणी कसलं, काटक्या, फेस आणि चिखल यांचा गुडघाभर लोंढा, नागमोडी, पुढून उचललेला. तोंड माझ्यासमोरून पुढे गेलं तरी शेपटीचा पत्ता नव्हता.

दोन आठवड्यांनी संग्रहालयात एका काळ्या मडक्याभोवती गुंडाळलेला शिंगवाला साप दिसला आणि पाय तिथेच थबकले. हाच तो लोंढा! तेवा या पुएब्लो भाषेत याला आवान्यू म्हणतात. पाण्याचा रक्षक. डोक्यावर मागे वळलेलं शिंग किंवा तुरा, अंगाला लाटांसारखी वळणं, आणि जीभ म्हणजे चक्क वीज. पाहारितोच्या पठारावर जुन्या वस्त्यांजवळच्या खडकांत तो कोरलेला आहे. झुनी या दुसऱ्या पुएब्लो लोकांत त्याचा भाऊबंद कोलोविसी, होपींत पालुलुकाँग.

आता जलरंगांकडे. सान इल्देफोन्सो हे रिओ ग्रांदेकाठचं छोटं तेवाभाषक गाव. माझ्या ऑफिसच्या रस्त्यावरच लागतं (लॉस अलामोसला नोकरी करणारे आणखी दोन-तीन मराठी लोक इथे असतील, त्यांनाही हा रस्ता पाठ असेल). विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शाळेत एस्थर हॉइट नावाच्या बाईंनी मुलांना कागद-रंग दिले. पुढे १९१७ मध्ये सांता फेच्या संग्रहालयाचे एडगर ली ह्युएट यांनी गावातल्या क्रेसेन्सियो मार्तिनेझकडून उन्हाळी आणि हिवाळी समारंभांतल्या नर्तकांची चित्रमालिका करून घेतली. क्रेसेन्सियो बायकोने घडवलेली मडकी रंगवायचा, तोच हात कागदावर आला. पुढच्याच वर्षी तो वारला. पण त्याचा भाचा तोवर रंगवायला लागला होता.

हा भाचा म्हणजे या धाग्याचा नायक. सरकारी नाव अल्फोन्सो रॉयबल, तेवा नाव आवा त्सिरे. अर्थ, पाणकणसावरचा पक्षी. जन्म १८९८, मृत्यू १९५५. आई अल्फोन्सिता कुंभारकाम करणारी, आणि तिची मडकी रंगवत रंगवत हा मोठा झालेला. सुरुवातीला मामासारखे नर्तक काढले: हरणाचं नृत्य, गव्याचं नृत्य, प्रत्येक पीस आणि पट्टा जिथल्या तिथे. मग विसाच्या दशकात त्याच्या कागदावर भलतंच काही सुरू झालं. कमानीसारखं इंद्रधनुष्य, पायऱ्यापायऱ्यांचे ढग, त्यातून खाली उतरणाऱ्या पावसाच्या उभ्या रेघा, त्याखाली आवान्यू. आणि असे प्राणी की जे जंगलात नाहीत आणि पुराणातही धड नाहीत. त्याचं ‘काळा प्यूमा आणि काळा कोल्हा’ हे चित्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे. बघून या, मग बोलू.

मला पडलेला प्रश्न असा: हुबेहूब नर्तक काढू शकणारा माणूस अशा मनातल्या प्राण्यांकडे का वळला? माझ्याकडे एक उत्तर आहे. पण आधी तुमचं ऐकतो.

भिंगरी

लोंढ्याचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. चित्र शोधून पाहिलं. एक बाळबोध प्रश्न: हे सगळे प्राणी हवेत का तरंगतात? खाली जमीन नाही, मागे डोंगर नाही. माझी लेक असंच काढते आणि मी तिला सांगत असते, अगं खाली गवत तरी काढ!

खवचट_आजोबा

आमच्या वेळी हे चित्र एलिमेंटरीच्या परीक्षेत दिलं असतं तर सरांनी ‘पार्श्वभूमी अपूर्ण’ असा शेरा मारून परत केलं असतं. सपाट रंग, सावली नाही, दूरचं लहान जवळचं मोठं असं काही नाही. लोकांना साधेपणाचं फार कौतुक हल्ली. साधं ते सगळंच थोर नसतं हो.

गेरू

आजोबा, एलिमेंटरीच्या सरांचा शेरा मीही खाल्लाय, पण इथे तो लागू नाही.

मी रोज जलरंगात काम करतो म्हणून तंत्रापुरतं बोलतो. आपण ज्याला जलरंग म्हणतो तो ओला वॉश, कागदाचा पांढरा वर झिरपतोय, रंग एकमेकांत उतरतायत, तसलं इथे काहीच नाही. आधी पेन्सिलीची नाजूक रेघ, मग तिच्या आत रंग काठोकाठ, एकसारखा, आणि शेवटी शाईची बारीक रेघ. रंग एका ठिकाणी थोडा जास्त पाणचट झाला तरी दिसतो, लपवायला सावलीही नाही. आवा त्सिरेच्या पिसांच्या रेघा मोठ्या करून पाहा. हात कुठेही थरथरलेला नाही. हे साधं नाही, हे उघडं आहे. उघड्यावर चूक लगेच सापडते.

भिंगरी, जमिनीबद्दल: मडक्यावर कुठे असते जमीन? मडक्याचा फुगवटा हीच जागा. चित्र सुरू कुठे होतं, संपतं कुठे, हा प्रश्नच नाही. ते फिरतं. माझा अंदाज असा की ही माणसं कागदाला सपाट केलेलं मडकं समजत होती. लेकीला गवत काढायला लावू नका.

सांताफेकर

गेरू, ‘सपाट केलेलं मडकं’ हे इतकं नेमकं आहे की मला आधी सुचायला हवं होतं.

त्यात भर घालतो. याच गावचे मारिया आणि हुलियान मार्तिनेझ हे जोडपं. १९१९ च्या आसपास दोघांनी काळ्यावर काळं असं काम सिद्ध केलं. मडकं गोट्याने घासून आरशासारखं चमकवायचं, त्यावर पातळ मातीने नक्षी काढायची, भट्टी पेटली की शेणखताने दडपून धूर कोंडायचा. भाजल्यावर चमकदार काळ्यावर नक्षी मंद काळी उमटते. मारिया घडवायची, हुलियान रंगवायचा, आणि त्याची आवडती नक्षी आवान्यूच. मडक्यावरचा आवान्यू गळ्याभोवती फिरून आपल्याच शेपटीपाशी येतो. तोही जलरंग करायचा, पण कागदाला गळा नसतो! सापाला डावीकडे कुठेतरी सुरू व्हावं लागतं आणि उजवीकडे संपावं लागतं. मग चित्रकार त्याला वाकवतात, ढगांच्या पायऱ्यांखाली आडवा पसरतात, दोन साप समोरासमोर ठेवून तोल साधतात. कागदाने घातलेल्या पेचातून ही मांडणी आली असावी असं मला वाटतं.

ब्रशबद्दलही थोडं. मडक्यांसाठी युक्का या वाळवंटी झुडपाच्या पानाची पट्टी चावून चावून तिचे धागे मोकळे करतात, चार-सहा धाग्यांचा ब्रश. त्याने सरळ, लांब, न थांबता रेघ ओढावी लागते, खोडायची सोय नाही. ज्याचा हात त्यावर बसला त्याला दुकानातला ब्रश म्हणजे चैन.

अनघा_दे

बांबूची काडी चावून ब्रश करणारे वारली आठवले आणि मग पुढचंही आठवत गेलं. सवाशिणींनी लग्नात भिंतीवर लिहायचा चौक कागदावर आला तो सत्तरच्या दशकात, भास्कर कुलकर्णींनी कागद नेऊन दिल्यावर. त्याआधी दुष्काळात मधुबनीच्या बायकांना कागद देणारेही तेच. जिव्या सोमा मशेंचं आपण कौतुक करतो, करायलाच हवं. पण कागद बाहेरून आला की सोबत गिऱ्हाईकही येतं. सांताफेकर, तुमच्या चित्रांत गिऱ्हाईक कुठे बसलंय? कारण ‘मनातले प्राणी’ मला थोडे गिऱ्हाइकाच्या मनातलेही वाटले. गोऱ्या बाईंच्या दिवाणखान्यात शोभतील असे.

सांताफेकर

अनघाताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. वारलीशी तुलना एका मर्यादेपुढे नेणार नाही, कारण इथली परिस्थिती फार वेगळी होती. ती सांगतो.

गिऱ्हाईक होतंच. आवा त्सिरेच्या मागे सांता फेची कवयित्री अ‍ॅलिस कॉर्बिन हेंडरसन उभी होती. तिने चित्रं घेतली, शिकागोला प्रदर्शन मांडलं. स्मिथसोनियनमधली त्याची चित्रं तिच्याच संग्रहातून आली. जॉन स्लोन या न्यू यॉर्कच्या चित्रकाराने १९२० मध्ये सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनात पुएब्लो जलरंग लावले. १९३१ मध्ये न्यू यॉर्कला आदिवासी कलांचं मोठं प्रदर्शन झालं, १९३२ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात अमेरिकेच्या दालनात ही चित्रं होती.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षांत वॉशिंग्टनचं इंडियन खातं, म्हणजे मूळ रहिवाशांचा कारभार बघणारं खातं, काय करत होतं? आयुक्त चार्ल्स बर्क यांनी १९२१ मध्ये परिपत्रक काढलं, १९२३ मध्ये त्याला पुरवणी जोडली. नाच महिन्यातून एकदाच, तोही आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि उजेडी. पेरणीच्या मोसमात अजिबात नाही. पन्नाशीच्या आतल्यांनी भागच घेऊ नये. अशा त्या शिफारशी. म्हणजे जो नाच गावात नको, त्याचं चित्र मात्र न्यू यॉर्कच्या भिंतीवर चालेल!

शाळांचं तेच. सांता फे इंडियन स्कूलमध्ये मुलांची मुळं उपटायचं धोरण. तिथे १९१८ मध्ये मुख्याधिकाऱ्याच्या पत्नी एलिझाबेथ विलिस डीहफ यांनी काही मुलांना आपल्या घरी बसवून रंगवायला दिलं. विषय त्यांचे त्यांनी निवडायचे. मुलांनी काय काढलं? घरचे नाच. घरापासून लांब, जे करायला मनाई तेच. त्यातला फ्रेड काबोटी होपी, मा पे वी ऊर्फ वेलिनो शिहे एरेरा झिया पुएब्लोचा. या प्रोत्साहनाची झळ साहेबांच्या नोकरीला बसली, असं काबोटी सांगत असे.

म्हणून ही चित्रं नुसती दिवाणखान्याची शोभा म्हणून मला बघवत नाहीत. आता माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर. पुएब्लो समाजात विधींचं ज्ञान ज्याचं त्याच्यापाशी. गावातल्याच सगळ्यांना ते खुलं नसतं, बाहेरच्यांची तर बातच नको. चित्रकाराने चौकातला सर्वांसमोरचा नाच काढला तर चालेल. कीवाच्या आत, म्हणजे (बरेचदा जमिनीखालच्या) विधिगृहात जे होतं ते काढलं तर घरचेच जाब विचारतील. मग विकायला तर काढायचंय, आणि सांगायचं तर नाही. अशा वेळी ढगाची पायरी, पावसाची रेघ, इंद्रधनुष्य, अंगावर मडक्याची नक्षी घेतलेला कोल्हा, हे फार सोयीचं. मडक्यावर ते आधीपासून सर्वांसमोर आहे. गिऱ्हाइकाला गूढ वाटतं, घरच्यांचं काही उघडं पडत नाही. आवा त्सिरेचे मनातले प्राणी मला पडद्यासारखे वाटतात. पडदा सुंदर आहे, आणि तो ओढून घेतलेला आहे.

गेरू

पडद्याची कल्पना आवडली, पण तुम्ही चित्रकाराला फारच हिशोबी करताय. थोडा खेळही असेल की. काळा प्यूमा काढला कारण काळा मोठा आकार कोऱ्या कागदावर जबरदस्त दिसतो! माझ्या मते तिथे तो मामाच्या सावलीतून सुटला. आणि इंद्रधनुष्यावर चढणारे ते पट्ट्यापट्ट्यांचे विदूषक? ते काढताना माणूस हसत असणार.

सांताफेकर

ते कोशारे. अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे, डोक्यावर मक्याच्या पात्यांची दोन शिंगं. नाच गंभीरपणे चालू असताना हे मध्ये घुसून टवाळी करतात, खादाडपणा करतात, आलेल्या पाहुण्यांची नक्कल करतात. पण विदूषक म्हणजे पोरखेळ नव्हे, त्यांना मोठा मान आणि धाक आहे. तुमचा मुद्दा मान्य. खेळही होता.

मधुकर_५८

उत्तम चर्चा. आपल्याकडेही नाग आणि पाऊस यांचा संबंध आहेच. नागपंचमी ऐन श्रावणात. शिंग असलेला सर्प म्हणजे आपलाच शेष तिकडे गेला असं म्हणता येईल काय? चारही दिशांना प्राणी, हेही आपल्या दिग्गजांसारखं वाटतं.

खवचट_आजोबा

आलं! मधुकरराव, आता अमेरिका पाताळ होती तिथपर्यंत पोहोचू आपण.

सांताफेकर

मधुकरकाका, पाऊस बेभरवशाचा असेल तिथे माणसाला पाण्यात साप दिसणं साहजिक आहे. त्यासाठी कोणी कुठून कुठे जायला नको. आवान्यू शेष नव्हे. तो पृथ्वी तोलत नाही. तो झऱ्यांत आणि नद्यांत आहे, आणि शिंग हा त्याचा स्वतःचा दागिना आहे.

दिशांचं मात्र तुम्ही बरं काढलंत. झुनी लोकांत सहा दिशा, प्रत्येकीला एक शिकारी प्राणी आणि रंग. उत्तरेला प्यूमा, पिवळा. पश्चिमेला अस्वल, निळं. दक्षिणेला बॅजर, तांबडा. पूर्वेला लांडगा, पांढरा. वर गरुड, बहुरंगी. खाली चिचुंदरीसारखा मोल, काळा. पण हे झुनींचं. सान इल्देफोन्सोच्या चित्रातल्या प्यूमावर हे कोष्टक लावून ‘याचा अर्थ अमुक’ म्हणणं म्हणजे कोकणातल्या देवचाराचा अर्थ पंजाबात विचारण्यासारखं. न्यू मेक्सिकोत एकोणीस पुएब्लो, शिवाय अ‍ॅरिझोनात होपी, आणि भाषा तर एकमेकींना अजिबात न कळणाऱ्या.

झुनी मडक्यांवरचं हरीणही पाहा. तोंडापासून छातीपर्यंत एक तांबडी रेघ जाते आणि शेवटी बाणाचं टोक. श्वासाची वाट. हरणाचं बाहेरचं रूप आणि आतला जीव एकाच वेळी, क्ष-किरणांच्या कितीतरी आधी.

अनघा_दे

तोनिता पेन्याचा उल्लेख कसा नाही? त्या पहिल्या पिढीतली एकटी बाई ना?

सांताफेकर

हो, चूक माझी. तोनिता पेन्या, तेवा नाव क्वा आह, १८९३ ते १९४९. जन्म सान इल्देफोन्सोचा. आई गेल्यावर बारा वर्षांची असताना कोचिती पुएब्लोत मावशीकडे आली, मावशी मार्तिना विहिल नावाजलेली कुंभारीण. माणसांची चित्रं काढणं हा तेव्हा पुरुषांचा प्रांत. तिने तो ओलांडला, मुलंबाळं, शेत, शाळा सांभाळून. तिच्या चित्रांत नाचणाऱ्या बायकांचा भार टाचेवर जाणवतो, तो पुरुषांच्या चित्रांत मला क्वचित दिसला. या धाग्यात मागे पडली कारण तिचा जीव माणसांत, प्राण्यांत कमी. तिचा मुलगा ज्यो एरेरा पुढे खडकांवरची कोरीव चिन्हं आणि आधुनिक अमूर्त चित्रकला यांची सांगड घालणारा निघाला.

भिंगरी

पडद्याचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. कोणी पडदा उघडल्याचं उदाहरण आहे का?

सांताफेकर

आहे, आणि ते रोज माझ्या गाडीच्या नंबरप्लेटवर असतं.

न्यू मेक्सिकोच्या ध्वजावरचा तांबडा सूर्य, मध्ये वर्तुळ आणि चारी बाजूंना चार-चार किरण, हे झिया पुएब्लोचं पवित्र चिन्ह. चार दिशा, चार ऋतू, दिवसाचे चार प्रहर, आयुष्याच्या चार अवस्था. डॉ. हॅरी मेरा यांनी ते संग्रहालयातल्या एका झिया मडक्यावरून घेतलं, १९२५ मध्ये राज्याने ध्वज स्वीकारला. झियाला कोणी विचारलं नाही. आता ते नंबरप्लेटवर, प्लंबरच्या व्हॅनवर, कुठेही. आणि गावात राग निघाला कोणावर? आपल्याच चित्रकारावर. मा पे वीने चिन्ह बाहेर दिलं असा आळ आला आणि माणूस गावाला दुरावला. मडकं संग्रहालयात, ध्वज डॉक्टरसाहेबांचा, आणि बोल ब्रशवाल्याला.

याच मा पे वीने पुढे १९३८ च्या सुमारास कुआउआ या जुन्या, ओसाड पुएब्लोतल्या कीवात पुन्हा चित्रं काढली. उत्खननात भिंतींवर थरावर थर अशी जुनी चित्रं सापडली होती, ती भिंतींवरून सोलून जपली, आणि त्यांच्या प्रती नव्याने बांधलेल्या कीवात त्याने रंगवल्या. अल्बुकर्कीजवळ बर्नालियोला आहे हे. शिडीने खाली उतरून पाहता येतं. पक्षी, मासे, ढग, चोचीतून पडणारे पाण्याचे थेंब. उतरल्यावर पहिल्यांदा कळलं की कोऱ्या कागदाआधी कोरी भिंत होती आणि तिच्यावरही जमिनीची रेघ गरजेपुरतीच होती.

गेरू

आणि नंतरचा तो हरणाचा सुकाळ? निळी हरणं, उडते घोडे, गोंडस झाडं. ते माझ्या पचनी पडत नाही.

सांताफेकर

ते ‘स्टुडिओ’चं पर्व. डोरोथी डन यांनी १९३२ मध्ये सांता फे इंडियन स्कूलमध्ये वर्ग सुरू केला, १९३७ पर्यंत चालवला, पुढे ओके ओविंगे या पुएब्लोच्या हेरोनिमा क्रूझ मोन्तोया यांनी १९६२ पर्यंत. सपाट रंग, बाह्यरेषा, कोरी पार्श्वभूमी हे आवा त्सिरेच्या पिढीला हाताच्या सवयीतून आलेलं, ते तिथे नियम झालं. सावली दिली की ‘हे आपलं नाही’. कोणाचं आपलं, ते ठरवणार बाई. ताओसच्या पॉप चॅलीची जंगलं आणि लांब आयाळींचे घोडे त्यातूनच आले. मला ते अधूनमधून आवडतात, लपवत नाही. त्याच वर्गातली सान्ता क्लाराची पाब्लिता वेलार्दे मात्र पुढे दगड आणि माती कुटून रंग करायला लागली. ती चित्रं प्रत्यक्ष पाहा, छापील पुस्तकात त्यांचा खरखरीतपणा मरतो.

मधुकर_५८

मुलगा डेन्व्हरला असतो, जानेवारीत येणं आहे. हे प्रत्यक्ष कुठे पाहता येईल? गावात जाऊ देतात का?

सांताफेकर

काका, जरूर या. सांता फेचं कला संग्रहालय आणि अल्बुकर्कीचं पुएब्लो सांस्कृतिक केंद्र, दोन्ही ठिकाणी जायच्या आधी फोन करून विचारा. कागदावरची चित्रं उजेडाने विटतात म्हणून कायम लावून ठेवत नाहीत.

सान इल्देफोन्सोचा उत्सव २३ जानेवारीला असतो. गावात शिरताना परवाना विचारून घ्या. नाच चालू असताना फोटो नाही, चित्रीकरण नाही, रेखाटनही नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत, तो कार्यक्रम नसतो. एका पुएब्लोत पहिल्यांदा गेलो तेव्हा मी फोन खिशातून नुसता वेळ बघायला काढला होता, तर एका आजीबाईंनी लांबूनच बोट हलवलं. तसाच आत गेला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

कानटोपी आणा, पहाटे पाणी गोठतं. कोशारे दिसले तर पुढच्या रांगेत उभे राहू नका.

खवचट_आजोबा

का हो? मधुकररावांची नक्कल करतील म्हणून?

सांताफेकर

माझी केली होती. चष्मा पुसायची लकब इतकी हुबेहूब, की बायको अजून करून दाखवते.

भिंगरी

लेकीने आज साप काढला. शिंगं दोन, जीभ पिवळी, खाली काही नाही. मी गप्प बसले.